दोन शेपटांची वायर

बोरीपासून जरा आडबाजूला, कॅनॉलच्या अलीकडं सटवाजीचं शेतातलं घर हाय. वर पत्रे, पत्र्यावर डिशची छत्री, आन् दारापुढं खांबाला टांगलेला एक भोंगा. नवीन माणूस आला की त्याला वाटतं, इथं कुण्या देवाचं ठाणं असंल. देव न्हाई बाई. तो भोंगा मेंढरांसाठी हाय. हसू नका, आधी ऐका.

सटवाजी धनगराचा. मेंढरात जन्मला, मेंढरातच मिशा पिकल्या. अंगानं काटक, जिभेला तिखट, आन् डोक्यात एकदा काही घुसलं की ते काढायला कातरच आणावी लागती. पण गंमत अशी की मेंढरं ह्याचं ऐकत न्हाईत. कसं ऐकतील? ह्यानं जिंदगीभर त्यांना हाक मारली ती दोनच कामांना, लोकर कातरायला आन् सुई टोचायला. सटवाजीचा आवाज आला की मेंढरू आधी पळतंय, मंग वळून बगतंय कोण हाय.

हाक भागुबाईची. त्याच्या बायकोची. दिवस कलला की ती बांधावर उभी राहायची, पदर खोचायची आन् "हिर्रऽऽ ये ये, काळे येऽऽ" अशी लांब तान सोडायची. काळी म्हंजे सगळ्यात पुढं चालणारी मेंढी, गळ्यात पितळी घंटी. काळी वळली की सारा कळप वळायचा. बायकोच्या ह्या गुणाचं सटवाजीनं कवा तोंडावर कौतुक केलं न्हाई. पाव्हण्यांना मात्र चहा पाजून मुद्दाम संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायचा.

मागं एकदा टीव्हीच्या शेती कार्यक्रमवाले आले. त्यांनी भागुबाईला बांधावर उभं केलं, हाक मारायला लावली, वर दोन ओव्या म्हणून घेतल्या. कार्यक्रम लागायचा तवा सटवाजी आंघोळ करून, टोपी घालून टीव्हीपुढं बसला. डिशच्या डब्याला त्यानं एक काळी पेटी जोडून घेतलेली, हार्ड डिस्क म्हणतात तिला. रिमोटचं लाल बटण दाबलं की डब्यातलं चित्र पेटीत जाऊन बसतं. बसलं. आन् त्या डब्याचा असा हट्ट की त्याच्याकडून भरलेलं त्याच्यावरच दिसणार, दुसऱ्या कशावर न्हाई. सटवाजीनंही कायदा केला, ह्या पेटीत दुसरं काहीच भरायचं न्हाई. कुस्त्यासुद्धा न्हाई.

पुढं भागुबाईच्या घशात गाठ निघाली. आपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला.

त्यानंतर मेंढरं बेजार करायला लागली. बबलूनं, म्हंजे लेकानं, हाका मारमारून घसा बसवून घेतला. बबितानं, सुनेनं, सासूची नक्कल केली तर काळीनं मान वर करून तिला नीट बघितलं आन् परत चरायला लागली. एक दिवस सटवाजीनं चिडून टीव्हीचा आवाज फुल करून ते रेकॉर्डिंग लावलं. वावराच्या त्या टोकाला घंटी वाजली. काळी वळली होती.

तवापासून तो भोंगा, मधी आवाज वाढवायचं मशीन घालून टीव्हीच्या डब्याला जोडलेला. रोज संध्याकाळी मशीन चालू, भोंगा चालू, भागुबाईची हाक वावरभर. आन् खुद्द भागुबाई? हाक सुरू झाली की ती घरामागं जायची, सरपण नीट रचलेलं असलं तरी पुन्हा रचायची.

बबिता सासऱ्याला म्हणायची, "मामा, मोबाईलवर तरी उतरून ठेवा की. टीव्हीपुढं धरला की झालं."

"मोबाईल हौदात पडला तुझा, कोकरांचे फोटू घेऊन," सटवाजी म्हणायचा. "माझा डबा कवा हौदात पडलाय का?"

आता वायरचं ऐका. समदं रामायण तिच्यापायी. सेलूच्या रामप्रसादच्या दुकानातून सटवाजीनं पेटीसाठी वायर आणली. तिला एका अंगाला दोन शेपटं. रामप्रसादनं सांगितलं, "काका, ही पेटी खादाड हाय. डब्याच्या एका भोकावर तिचं पोट भरत न्हाई. एक शेपूट डब्यात घाला, दुसरं मोबाईलच्या चार्जरात. दोन्ही लावायची बरं का."

सटवाजीनं मान हलवली. घरी येऊन एक शेपूट डब्यात घातलं, आन् दुसरं लोकरीच्या दोऱ्यानं घट्ट बांधून टाकलं. बबितानं विचारलं, तर म्हणाला, "एका कळपात दोन मेंढे सोडायचे असतेत का? दोन करंट एका पेटीत गेले तर टकरा खेळतील. मधल्या मधी पेटीचं डोकं फुटंल. दुकानदाराला काय, नवी विकायला मोकळा."

आन् त्याचं नशीब असं, की एका शेपटावर पेटी चालली. मंग तर त्याची मान आणखीन ताठ झाली. पुढं पुढं पेटी मधूनच टक टक करायला लागली. सटवाजी म्हणायचा, पाल चुकचुकायली, माझ्या बोलण्याला हो म्हणायली.

त्या दिवशी लाईट नव्हती. इन्व्हर्टरवर टीव्ही, डबा, भोंग्याचं मशीन आन् एक चार्जर तेवढं चालत होतं. सटवाजी खाटेवर टेकलेला, भागुबाई चुलीपुढं. बबिताचा फोन चार्जिंगला लावलेला होता, तो वाजला. बबलू होता, आन् कुजबुजत होता.

"रस्त्यानं वरात आली. डीजे लावला त्यांनी एकदम. मेंढरं उधळली. समदी कॅनॉलच्या भरावावर जाऊन उभी हायेत."

"मंग हाणून आण की," बबिता म्हणाली.

"कशी हाणू? पाण्याची पाळी सुटलीय, कॅनॉल काठोकाठ वाहायलाय. काळी अगदी कडंला हाय. मी एक पाऊल टाकलं की ती एक पाऊल मागं सरायली. ती पाण्यात गेली तर समदी जातील तिच्यामागं. बाला सांग, भोंगा लाव म्हणावं. जल्दी."

हे सांगायला नको, तरी सांगते. मेंढराची जात अशी, की पुढची विहिरीत पडली तर मागची विचारत न्हाई, खोल किती हाय. अख्खा कळप, पोटुशा मेंढ्या, त्या घराचं जे काही होतं ते समदं त्या भरावाच्या कडंला उभं होतं.

सटवाजीनं मशीन चालू केलं. भोंगा खरखरला. डब्यात रेकॉर्डिंग उघडलं.

टक. टक. टक.

पेटीवरचा दिवा लुकलुकला आन् विझला. पडद्यावर चौकट आली, इंग्रजीत दोन ओळी, खाली दोन खाने.

आता सटवाजीची एक सवय हाय, आपल्या समद्यांचीच हाय. डिशचं रिचार्ज संपायला आलं की पडद्यावर चौकट येती. वाचतंय कोण? ओके दाबायचं, चौकट जाती. त्याचा अंगठा सरळ ओकेवर गेला.

"मामा, थांबा." बबितानं त्याचं मनगटच धरलं. सुनेनं सासऱ्याचं मनगट धरायचं, त्या घरात असं कवा झालं नव्हतं. "ते काय हाय माहिताय का? फॉरमॅट करू का म्हणून विचारायलाय. माझा मोबाईल दुकानात फॉरमॅट केला तवा लग्नाचे समदे फोटू गेले. ओके दाबलं की पेटी कोरी."

सटवाजीचा अंगठा बटणाच्या वर तसाच राहिला. "कोरी म्हंजे?"

"कोरी म्हंजे कोरी. आत्याबाई त्यातून गेल्या."

चुलीपुढची भागुबाई उठून दारात आली होती.

"न्हाई म्हणावं की मंग त्याला," सटवाजी म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

बबितानं रिमोट घेतला. निवड 'हो'वर होती. 'न्हाई'वर जायला बाणाचं बटण पाहिजे, आन् बाणाची बटणं कवाच मेलेली. ह्या घरात चॅनल बदलायचा तर आकडे दाबत होते. त्या चौकटीपुढं चालणारं असं एकच बटण, ओके. रिमोट तिनं लांब, कणगीवर नेऊन ठेवला, जसा काही विंचूच. आन् पेटीची वायर डब्यातून उपसून काढली. चौकट गेली.

"हॅलो," बबलू फोनवर म्हणाला. "काय करायलाव? काळीचा मागचा पाय घसरला. सावरली."

सटवाजीनं वायरच्या तोंडात फुंकर मारली, धोतराला पुसली, परत घातली. टक. टक. चौकट परत आली. परत उपसली. त्यानं डबा बंद करून चालू केला. डबा म्हणाला, कृपया थांबा. आता बघा, ज्याला जन्मात कुणी थांब म्हटलेलं खपलं न्हाई, तो त्या डब्यापुढं हात जोडल्यासारखा उभा. डबा चालू झाला. टक. टक. चौकट.

"मीच जाऊन हाका मारतो," म्हणत वायर उपसून टाकून तो दाराकडं निघाला.

"तुमी हाक मारली तर पाण्यात उड्याच मारतील," बबिता म्हणाली, आन् मग जीभ चावली. पण सटवाजीला राग आला न्हाई. खरं होतं ते. दाराच्या चौकटीला हात टेकून तो तसाच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या गळ्याची लाज वाटली असंल.

तवा भागुबाई पुढं आली. तिनं जमिनीवर लोळणारी वायर उचलली आन् लोकरीनं बांधलेलं ते दुसरं शेपूट नवऱ्याच्या नाकापुढं धरलं.

"न्हाई," सटवाजी म्हणाला. "दोन मेंढे एका जागी..."

भागुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मग खाली बसली. डाव्या हाताची अशी कव केली, जसं कोकरू धरावं, अशक्त, मान टाकलेलं. उजव्या हाताची दोन बोटं केली. एक बोट कोकराच्या तोंडाला नेलं, मान हलवली, पुरत न्हाई. मग दुसरं बोट नेलं. एक आई. दुसरी आई. आन् कवेतलं कोकरू तिनं हळूच वर उचललं, चार पायांवर उभं केल्यासारखं.

दुधाला कमी पडणाऱ्या मेंढीचं कोकरू ती असंच जगवायची. आईखाली पाजायची, मग दुसऱ्या मेंढीखाली लावायची. ते सटवाजीनं शंभरदा बघितलेलं. मेंढी धरून ठेवायचं काम त्याचंच असायचं.

तो तिच्या हाताकडं बघत राहिला. "मेंढा न्हाई," असं काहीसं पुटपुटला. "कोकरू हाय व्हय ते."

भागुबाईनं दातानं दोरा तोडला.

"चार्जर कुठाय?" सटवाजी ओरडला.

चार्जर एकच, तो बबिताच्या फोनला, आन् फोनची बॅटरी लाल. "फोन काढला तर बंद पडंल," बबिता म्हणाली. "तिकडं काय चाललंय काही कळायचं न्हाई."

"कळून काय करायचं? काढ."

तिनं फोनमधी "अहो, हलू नका जागचं" एवढं म्हटलं आन् चार्जर उपसला. फोन विझला. सटवाजीनं एक शेपूट डब्यात घातलं. दुसरं चार्जरात घालताना डोळे मिटले, टक्कर आता होती का मग होती.

टक.

आन् मग टक न्हाई. घूंऽऽ. पोट भरलेलं मांजर झोपंत घुरघुरतं तशी पेटी घुरघुरायला लागली. पडद्यावर परत चौकट आली, खाली इंग्रजी. बबितानं कणगीवरचा रिमोट आणून सासऱ्याच्या हातात दिला.

"दाबा."

"नीट वाच. कोरी बिरी म्हणत न्हाई ना?"

"रेकॉर्डिंग हाय म्हणायलाय. एकच हाय. दाबा."

त्याचा अंगठा हलंना. भागुबाईनं आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला आन् दाबला.

आधी बाजाचं संगीत, मग निवेदक बाईचं गोड गोड बोलणं, ते रोज ऐकून पाठ झालेलं, आज संपता संपंना. आन् मग भोंग्यातून वावरभर, कॅनॉलपर्यंत, "हिर्रऽऽ ये ये, काळे येऽऽ."

तिघं दारात आली. कॅनॉलकडं धुरकट उजेड, भराव दिसत होता, मेंढरं दिसत नव्हती. हाक संपली. सटवाजीनं आत जाऊन परत पहिल्यापासून लावली. दुसऱ्यांदा संपली. वरातीचा डीजे लांब कुठंतरी धडधडत होता, त्यात काही ऐकूच येईना. बबिता पदराचं टोक चावत होती. तिसऱ्यांदा लावली. भागुबाई आज सरपणाकडं गेली न्हाई. भोंग्याच्या खांबाला धरून उभी होती, आन् हाक निघाली की तिचे ओठ हलत होते.

घंटी वाजली.

एकदाच. मग थांबली. मग नीट, चालत्या पायांची, टिणटिण. ज्वारीच्या कडंनं काळं डोकं दिसलं, त्यामागं पांढरा लोंढा. त्याच्याही मागं बबलू, चप्पल हातात, तोंडावर बारा वाजलेले.

मेंढरं खांबापाशी येऊन भोंग्याकडं माना करून उभी राहिली. काळी मात्र थांबली न्हाई. सरळ गेली आन् भागुबाईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. सटवाजीनं मेंढरांवर हात फिरवायला घेतला, तर ती आपली पांगली.

रातच्याला लाईट आली तशी बबितानं विचारलं न्हाई, सांगितलं. "मामा, मोबाईल धरते." त्यानं गुमान रेकॉर्डिंग लावून दिलं.

पण भागुबाईचं डोकं त्याच्याही पुढचं. दुसऱ्या दिवशी हाक लागली तशी ती जर्मनची, म्हंजे ॲल्युमिनियमची, थाळी आन् पळी घेऊन बांधावर गेली. भोंगा बोलला की ही थाळी वाजवायची. रोज. मेंढरांना सवय लागत गेली तसा ती बबिताला हातानं खुणवायची, आवाज कमी कर. आता नुसत्या थाळीवर काळी येती. लाईट असो नसो, डबा असो नसो.

सटवाजीनं वायरचा दोरा मात्र फेकला न्हाई. दोन्ही शेपटं नीट लागलेली हायेत का, हे दिवसातून चारदा बघतो. आन् मेंढरं जाळीच्या कुंपणात आली, जाळीचं तोंड बांधलं, की टीव्हीपुढं बसून हळू आवाजात ते रेकॉर्डिंग लावतो.

"मामा, मेंढरं कवाच आली की," बबिता मुद्दाम म्हणती.

"डबा तपासायलोय," तो म्हणतो.

भागुबाई चुलीपुढून उठत न्हाई. सरपण रचायलाही जात न्हाई. डबा तपासून होईपर्यंत भाकर तव्यावर जरा जास्तच भाजती, एवढंच.