पौषातलं खळं

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून पाणी प्यायला जाणारा माणूस. चाळीस वर्षं लहान विमानं उडवली, उडवायला शिकवली. विमान देव चालवत नाही, पेट्रोल चालवतं, हे प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्याच दिवशी सुनावतो. त्यामुळे ह्या सदरात माझं पत्र बघून माझे विद्यार्थी पोट धरून हसतील... हसू देत. मी एका बाईला एकदा एक उत्तर दिलं होतं. ते द्यायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

काळ निजामाचा. पोलीस अ‍ॅक्शनला अजून दहा-अकरा वर्षं होती. मी तेवीस वर्षांचा, हैदराबादेत वाढलेला, शेतीतलं ओ की ठो कळत नसलेला. एका जहागीरदारांनी हौसेनं दोन सीटचं, उघड्या कॉकपिटचं विमान घेतलं होतं. दोनदा बसले, दोनदा ओकले, आणि विमान औरंगाबादच्या मेहुण्याला देऊन टाकलं. ते पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

तेव्हा आमच्याकडे रेडिओ नव्हता. रेल्वेचे रूळ धरायचे आणि जायचं. वर तास-दोन तास एकट्यानं बसलं की माणूस स्वतःशी बोलायला लागतो, मग तेही बंद होतं. खाली माणसं हात हलवताना दिसतात, पण त्यांचं एक अक्षर तुमच्यापर्यंत येत नाही. पहिल्या पहिल्यांदा मला ह्याचं फार वाईट वाटायचं.

पौष महिना होता. पूर्णेजवळ धुरकट हवेत मी चुकीचा फाटा धरला आणि हिंगोलीच्या दिशेनं बराच आत गेलो. परत मेन लाइनवर येईपर्यंत पेट्रोल तळाला गेलेलं. पिंगळी स्टेशन मागं पडलं आणि इंजिन खोकायला लागलं. नवशिक्यांनी इथं लक्ष द्यावं – उतरायची जागा इंजिन चालू असतानाच शोधून ठेवावी, ते बंद पडल्यावर नाही. मला उत्तरेला एक पडीक माळ दिसला. जेमतेम पुरेल एवढा, आणि पूर्वेच्या टोकाला खोल ओढा. विमान उतरवायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, तरच लवकर थांबतं. वारा पाठीवर घेतला तर ते पळतच राहतं. इथं पळालं असतं तर मी ओढ्यात. दुसऱ्यांदा प्रयत्न करायला पेट्रोल नव्हतं.

सकाळी वारा पूर्वेचा होता. म्हणून ओढ्याकडे तोंड करून उतरायचं मी ठरवलं. तेवढ्यात माळाच्या कडेला खळं दिसलं. वावडीवर – त्या उंच तिपाईवर – एक माणूस उभा राहून धान्याला वारं देत होता. तांबडं मुंडासं, डावखुरा. पाटी तिरपी केली की दाणे सरळ खाली पडायचे आणि भुसा उडत जायचा... पूर्वेकडे. म्हणजे वारा फिरला होता, पश्चिमेचा झाला होता! पाटी रिकामी झाली की तो खाली उतरायचा, स्वतःच भरायचा, परत चढायचा. खालून भरलेली पाटी द्यायला कुणी नाही. मला वाटलं, बिचारा, माझ्यासारखाच एकटा.

विमान वळवलं, ओढ्यावरून आत आलो आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरलो. थांबल्यावर रुमाल काढून हवेत धरला. वारा पश्चिमेचाच, चांगला जोराचा. त्या माणसाचे पाय धरावेत म्हणून मी तसाच खळ्याकडे पळालो.

खळ्यात कुणी नव्हतं. हरळी माजली होती. वावडीचा एक पाय मोडलेला, लाकडाला वाळवी. दाणा नाही, भुसा नाही. शेजारच्या झोपडीतून एक बाई आली. चाळिशीची असेल, कपाळ मोकळं.

"कुटून आलाव, बाबा? लागलं का कुटं?"

"लागलं नाही. मावशी, इथं आत्ता वारं देत होते ते कुठं गेले?"

"पुसाच्या महिन्यात वारं? येड लागलं का तुमाला? जवारी अजून शिवारात उबी हाय की. उपनायला काय आनावं कोनी?"

मी आजूबाजूला बघितलं. खरंच, चहूकडे ज्वारी उभी होती. शहरातल्या माणसाला वरून हे कळलंच नव्हतं. मी तिला तांबडं मुंडासं सांगितलं, डावा हात सांगितला.

"आमचे मालक," ती म्हणाली. "तीन वर्सं झाली. चैताचा महिना व्हता. मी बोरीला भावाकडं गेले, दोन दिस जास्त राह्यले. आल्यावर लय रागावले. म्हनले, तू हात लावू नको, मी एकटा वारं देतो. दिसभर चडायचे, उतरायचे. मी दारात बसून बगायलेय. मी बी हट्टाची, म्हनलं हाक मारल्याबिगर जायाचं न्हाई. सांजच्याला वावडीखाली पडलेले दिसले. जीव गेल्ता. तवापासून हितं कोनी खळं केलं न्हाई. मी रोज बगते, पर मला कदी दिसले न्हाईत, बाबा."

मग तिनं विचारलं, "खाली पाटी द्यायला कोनी व्हतं का?"

पायलटनं जे दिसलं तेच सांगावं, पदरचं काही घालू नये, असं आम्हांला शिकवलेलं. मी म्हणालो, "नाही मावशी. एकटेच होते. स्वतःच भरून चढत होते."

तिनं मोडक्या वावडीकडे बघितलं.

"म्हंजे राग गेला न्हाई अजून," ती म्हणाली.

पुढं गावातली माणसं जमली. खळं तीन वर्षं बंद आहे, हे त्यांनीही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीहून बैलगाडीतून पेट्रोलचे डबे आले. पाणी-कचरा जाऊ नये म्हणून ते चामड्यातून गाळून टाकीत ओतेपर्यंत ती बाई कुठं दिसली नाही. मी उडालो आणि सवयीनं माळावरून एक फेरी घेतली. ती खळ्यात उभी होती. दोन्ही हातांनी रिकामी पाटी वर धरलेली, जेवढी उंच धरता येईल तेवढी. मी आणखी एक फेरी मारली, पंख हलवून दाखवले. तिनं वर बघितलं नाही. डोक्यावरून विमान गेलं आणि खालच्या माणसानं मान वर केली नाही, असं मी त्यानंतर कुठंच पाहिलं नाही.

डोळे थकले होते म्हणा, घाबरलो होतो म्हणा... मी सगळं म्हणून बघितलं. पण वारा खरा होता, आणि तो त्या भुशानं मला दाखवला. तो माणूस मला का दिसला, तिला का नाही? "होती की खाली एक बाई," एवढं म्हणायला माझं काय जात होतं? तिच्या हातातली पाटी कुणी घेतली का, हे बघायला मी तिसरी फेरी मारली नाही. पेट्रोल भरपूर होतं. हिंमत झाली नाही.