कर्णाला कूळ कोणी विचारलं?

टीव्हीवर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लागला की माझं डोकं अजून फिरतं. नातवंडं म्हणतात, "आजी, तुला तर सगळं येतं, मग चिडतेस कशाला?" अरे, येतं म्हणूनच चिडते!

काळाचौकीला आमच्या वाडीच्या गणपतीत सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची. पुराण, कला, प्राणी, खाणं, काहीही विचारायचे. पहिला येईल तो वाडीतर्फे दादरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. मी नववीत होते, आणि मला दादरला जायचंच होतं.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्षही झालं नव्हतं. घरातले देव गेले होते. आई कुरकुरली, "देव सोडले नि त्यांच्या मांडवात कशाला मिरवतेस गो?" माझे वडील, आबा, गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते. ते म्हणाले, "प्रश्न विचारतात ना? मग जाऊ दे तिला." पूर्वी आबा श्रावणात पोथ्या वाचायचे, रात्री आम्हाला महाभारत सांगायचे. देव विसर्जित करता येतात. ऐकलेल्या गोष्टींचं काय करणार?

मांडवात मी सुटलेच. सतारीसारखं छेडायचं, पण पडदे नसलेलं तंतुवाद्य? सरोद. वटवाघूळ अंडी घालतं का? नाही, पिल्लं देतं. साबुदाणा कसला करतात? कंदाचा. उपास करणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मी आणि दुसऱ्या चाळीतला एक मुलगा, दोघेच उरलो.

प्रश्न विचारत होते मंडळाचे सेक्रेटरी. ऑफिसात कारकून, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे. त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, "शस्त्रपरीक्षेच्या वेळी भर रिंगणात कर्णाला त्याचं कूळ कोणी विचारलं?"

मुलगा म्हणाला, "द्रोणाचार्यांनी."

मी म्हणाले, "कृपाचार्यांनी."

लोकांनी टाळ्या पिटल्या. सेक्रेटरींनी हात वर केला. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "पण पोरी, तुम्ही लोकांनी आमचे देव सोडलेत ना? मग पुराणाचे गुण तुला कसे द्यायचे? दादरला हा जाईल."

त्या मुलाचं उत्तर चुकलं होतं! भरल्या मांडवात एक माणूस बोलेल तर शपथ. मघाशी टाळ्या पिटणारे तेच हात आता प्रसादाला पुढे झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे रडायचं नाही म्हणून मी ओठ चावत घरी आले आणि मोरीत बसून रडले. आई म्हणाली, "मी सांगत नव्हते?" तिचाही राग आला. आबा काहीच बोलले नाहीत, त्यांचा तर सगळ्यात जास्त आला.

पुढच्याच रविवारी मोर्चा होता. आबांचा आवाज असा की लालबागला घोषणा दिली तर परळला ऐकू जावी. सेक्रेटरी आमच्या दारात हजर. "चला लवकर! मुंबई आपली आहे, आज आपण सगळे एक!"

आबा आत सदरा घालत होते. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"कर्णाला कूळ कोणी विचारलं?"

ते कसनुसं हसले. "अगं, तू अजून तेच धरून बसलीस?"

"सांगा ना. कोणी विचारलं?"

शेजारची दारं उघडली. बायका बाहेर आल्या. सेक्रेटरींनी इकडे तिकडे पाहिलं.

"कृपाचार्यांनी," ते पुटपुटले.

"आणि मला?"

सेक्रेटरी माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाले, "अहो, जरा समजवा हिला. उशीर होतोय."

आबा बाहेर आले. पायांत चपला सरकवल्या, माझ्या शेजारी उभे राहिले.

"मोर्चाला मी येणारच. मुंबई काही तुमच्या एकट्याच्या बापाची नाही," आबा म्हणाले. "पण आधी पोरीला उत्तर द्या, मग निघू."