पिंपळगाववाली

त्या दिवशी पंचायतीत आमच्या गावचे सरपंच, ग्रामसेवक, पिंपळगावाहून आलेला माहा भाचा, चहा देणारा शिपाई अन् मी, एवढेच होतो. माहं नाव निराधारांच्या पगाराच्या यादीत घालायचं का न्हाई, ते ठरायचं होतं. घरात मी एकटीच, माही चूल त्याच्यावरच पेटायची.

शिपाई कधी कोणाच्या तोंडाकडं बघून बोलत न्हाई. कपबशीशीच बोलतो, ते बी अर्धंच.

सरपंचानं इचारलं, "आजी, कुठल्या तुम्ही?"

म्या ठसक्यात म्हणलं, "पिंपळगावची!" सारा जन्म हितल्या बायांनी मला पिंपळगाववालीच म्हणलं. माह्या येड्या तोंडातून दुसरं काय निघणार?

"मंग पिंपळगावानंच पोसावं," सरपंच म्हणले.

भाचा म्हणला, "आत्या दिलेली लेक हाय. ती तुमची."

मी मधी बसले, बाजारात न इकलेल्या म्हशीवानी.

तवा शिपाई बशी पुसत बशीलाच म्हणला, "मंग सरपंचीणबाईंला बी वाटं लावा. त्या माहेरच्या धावडा गावच्या हायेत."

सरपंचांचा चहा नाकात गेला. ग्रामसेवकानं जल्दी माहं नाव घातलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावातली म्हातारी माहेरच्या गावाचं नाव सांगत असंल, तर तिला तिकडं धाडू नका. तिथं तिचं कोणी ऱ्हायलेलं नसतं.