जयेशचं हसणं असलेला भाग

जयेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी नया नगरच्या कोपऱ्यावर भाजी घेत होते. फोन त्याच्या चुलतभावाचा. सकाळी अंघोळ करून बाहेर आला, खुर्चीत बसला आणि तिथेच... एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" म्हटलं. भाजीवाल्याने विचारलं, "मॅडम, धनिया डालूं?" मी "डालो" म्हणाले, पिशवी घेतली, घरी आले आणि मेथी निवडायला बसले. जयेश म्हात्रे, माझा इतक्या वर्षांचा मित्र, बेचाळिसाव्या वर्षी गेला होता आणि मी देठं वेगळी करत होते. त्याला दोन महिने होत आले. मी अजून साधारण तशीच आहे. रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल.

आमची मैत्री वाईट पुस्तकांमुळे झाली. मीरा रोडची एक जुनी लायब्ररी बंद होत होती आणि मालकांनी सभासदांना सांगितलं होतं, हवी ती पुस्तकं न्या. सगळे चांगल्या पुस्तकांवर तुटून पडले. मागच्या कपाटातल्या भिकार कादंबऱ्यांपाशी दोघंच उरलो, मी आणि हा खारी गावचा, विमा कंपनीत नोकरी करणारा, गंभीर चेहऱ्याचा माणूस. आम्ही गिरगावातून इकडे आलेलो, त्यामुळे साहित्य आपल्यालाच कळतं असा माझा एक गोड गैरसमज होता. त्याच्या आजोबांची मिठागरं होती आणि त्याने माझ्या दुप्पट वाचलं होतं. दोन पोती कादंबऱ्या आम्ही वाटून घेतल्या आणि काही वर्षांनी त्यांचाच पॉडकास्ट सुरू केला, 'आम्ही शेवटपर्यंत वाचलं'. पद्धत ठरलेली होती. जयेश शोकसभेत बोलावं तशा आवाजात उतारे वाचणार, मी मध्येमध्ये टोमणे मारणार, आणि त्याने काही झालं तरी हसायचं नाही. लेखकाचं नाव घ्यायचं नाही हा दुसरा नियम, तोही त्याचाच. नाडी बघून प्रेम ओळखणारे डॉक्टर, दर प्रकरणात डोळ्यांचा रंग बदलणाऱ्या नायिका, त्याने सगळं निर्विकारपणे वाचलं. एकदाच तो हसला.

त्या कादंबरीची पहिली पानं गळालेली होती, लेखक कोण ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. त्यात नायक अपघातात मरतो. अंत्यसंस्कार होतात, दहावा होतो. पुढच्या प्रकरणात तो स्वयंपाकघरात येऊन म्हणतो, "आई, चहा टाक." आई चहा टाकते. कसं, का, काही नाही. पुढे त्याचं लग्नसुद्धा लागतं. मी म्हटलं, "कावळा शिवला नाही म्हणून माल परत पाठवला असेल." आणि जयेश फुटला. टेबलावर हात आपटत, श्वास अडकेपर्यंत हसला. तो भाग आमच्या सगळ्या भागांत सर्वांत जास्त ऐकला गेला.

महिन्याभरात काशीगावहून एका निवृत्त नर्सबाईंचा मेल आला. पुस्तक त्यांचं होतं. मुलगा हायवेवर अपघातात गेला, त्यानंतर लिहिलेलं. 'प्रकाशक म्हणाले ते प्रकरण पटत नाही, काढा. मी काढलं नाही,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं, आणि शेवटी, 'तुमचा कार्यक्रम चांगला असतो.' जयेशचा लगेच फोन आला.

"वैशाली, तो भाग आजच्या आज काढ."

"अरे, किती जण ऐकतायत. आणि नाव कुठे घेतलंय आपण?"

"तिला कळलं ना."

"बघू," मी म्हटलं. पासवर्ड माझ्याकडे होता. त्याने अजून दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा "बघू" म्हटलं. मग त्याने विचारणं सोडून दिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो दर आठवड्याला उतारे वाचत राहिला आणि मी समजले, विषय मिटला. त्याच्या दहाव्याला मी गेले नाही. खाडीवर कावळ्याची वाट बघत उभं राहायचं माझं धाडस झालं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या आईचा, काकींचा फोन आला. "तुज्याकं त्याचा आवाज हाय ना? हसताना हाय का कुठं?" मी सगळे भाग आठवून पाहिले. हसताना तो एकाच ठिकाणी होता.

त्या दिवशी मी तो भाग काढून टाकला. त्याआधी हसण्याचा तेवढा तुकडा फोनवर घेतला. नर्सबाईंना दोन ओळी लिहिल्या, की काढलाय, जयेश तेव्हाच सांगत होता, उशीर माझ्यामुळे झाला. उत्तर आलेलं नाही. मला लाज वाटते, एवढं मात्र आता स्पष्ट कळतं.

मग खारीला गेले. त्याच्या खोलीत रेकॉर्डिंग करताना बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आम्ही भिंतींना गाद्या उभ्या करायचो. त्या अजून तशाच होत्या. काकी पलंगावर बसल्या आणि माझा फोन त्यांनी कानाला लावला, कोणाचा कॉल आल्यासारखा. जयेश हसला. परत लाव म्हणाल्या, मी परत लावला.

"कुणाला हसतो गो तो?"

"मला, काकी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा ऐकलं. हसणं संपलं, तरी फोन कानालाच होता. मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "हां, बोल आता."

मी शेजारी बसले होते. या वेळी मला मध्ये बोलायला काही सुचलं नाही.