वीतभर काठ

समस्त रत्नागिरीकर, त्यांचे पाहुणे आणि मासे खाणारे सर्व सज्जन यांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, भाट्याच्या खाडीतल्या माशांना साड्यांतलं कळतं. हसू नका. मी हे एका सरकारी कारकुनाच्या तोंडून ऐकलंय आणि होडीत बसून डोळ्यांनी पाहिलंय.

हा कारकून आमच्या कचेरीत आवक-जावक सांभाळायचा. नाव सांगत नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, आपणही म्हणू. निवृत्तीनंतर भरतीची वेळ झाली की भाऊ घरातलं लोखंडी कपाट उघडायचे, तेही दारावर दोनदा टकटक करून. हो, आपल्याच कपाटाच्या. मग आत बघून विचारायचे, "पाणी नितळ आहे गो. काय देतेस?" आणि थांबायचे. उत्तराला लागेल तेवढा वेळ.

कपाटात वहिनींच्या साड्या होत्या. वहिनींना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

भाऊ मूळचे आतल्या गावचे, भातशेतीवाले. मासा त्यांना ताटात आल्यावर ओळखू यायचा. वहिनी पूर्णगडच्या, होडीवर वाढलेल्या. भाऊंना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, लग्नानंतर त्यांनीच शिकवलं. परसदारी उभं राहून खाडीवर एक नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. "आज गढूळ आहे. कोळंबी न्या, वासावर येईल." नाहीतर, "आज नितळ आहे. चिंधी न्या, डोळ्यांनी खाईल." चिंधी म्हणजे जुन्या पोलक्याची पट्टी. ती गळाला बांधायची, मागे पंधरा-वीस वाव तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, सोडायची आणि होडी सावकाश वल्हवत राहायचं. पट्टी पाण्यात सळसळते आणि जिताड्याला वाटतं, लहान मासाच चाललाय.

एकदा माझा मुंबईचा मेव्हणा प्लॅस्टिकचे मासे घेऊन आला. खणाखणांच्या डबीत, औषधाच्या गोळ्यांसारखे रंगीत. सकाळभर ओढले, शेवाळ मिळालं. भाऊ त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणे, आमचे मासे मराठी शाळेतले. त्यांना हा खाऊ कळत नाही." आणि त्याच पाण्यातून त्यांनी वहिनींच्या जांभळ्या काठावर दोन जिताडे काढले. मेव्हण्याने त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले, स्वतःच धरल्यासारखे.

पोलकी संपल्यावर भाऊ साड्यांवर आले होते. कापायचे रूळ ठेवून. वीतभर लांब, बोटभर रुंद, टोकाला शेपटीसारखी चीर. जरीचा काठ असला तर फारच उत्तम. वल्हं माझ्याकडे. माझा वेग त्यांना कधीच पसंत पडला नाही. "अरे, तिला चालू दे. धाववतोस काय? ती काय एस.टी. पकडायला निघालीय?"

पहिल्यांदा मी हसलो. मग वळून पाहिलं. गुलाबी पट्टी पाण्याखालून आमच्या मागोमाग येत होती. आम्ही वळलो की वळत होती, थांबलो की थबकत होती. खाडीवर खारा वारा, आणि होडीत मात्र डांबरगोळ्यांचा वास. त्या दिवसापासून मी मागे बघणं सोडलं. गप्पिष्ट माणूस मी, पण त्या होडीत मला उगाचच वाटायचं, आपण मध्ये मध्ये बोलतोय.

मग तो प्रकार घडला. आमच्या आळीतल्या एका काकींनी बाजारातून जिताडा आणला. विळीवर पोट चिरलं आणि अशी किंकाळी फोडली की मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. काकी भाऊंच्या दारात उभ्या, हातात कोयऱ्यांच्या काठाची ओली पट्टी.

"अवो भाऊ, ही बघा! वहिनीची हळदीकुंकवाची साडी! माशाच्या पोटात गावली!"

कधीतरी तंगूस तोडून गेलेल्या माशाने गिळली असणार. भाऊ दचकले नाहीत. पट्टी धुतली, सावलीत वाळवली, घडी करून कपाटात ठेवली. "फिरून आली," एवढंच म्हणाले. काकींच्या घरी त्या दिवशी वरणभात झाला. माशाचं पुढे काय झालं याची मी चौकशी केली, कबूल करतो. पण घरी आणायचा धीर झाला नाही.

ही बातमी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. भाऊंची एकुलती एक मुलगी तिथे कंपनीत नोकरीला. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आली आणि तडक कपाट उघडलं. निम्म्याहून अधिक साड्यांचे काठ गेलेले.

"बाबा, आईच्या साड्या कापल्यात?"

"कपाटात घुसमटते गो ती. पाण्यावरची बाई."

"ती आई नाही, कापड आहे! आणि तेही मला ठेवलं नाहीत."

चहाला हात न लावता ती गेली. पुढे दीड वर्ष आली नाही, फोनही उचलला नाही. भाऊ रोज एकदा करायचे. रिंग संपेपर्यंत ऐकायचे आणि "कामात असेल" म्हणायचे.

त्यानंतर आमच्या होडीत मासे येईनासे झाले. एकदा तंगुसाला असा दणका बसला की मी ओरडलो, "भाऊ, ओढा!" भाऊ शांत. शेवटी मीच ओढलं. टोकाला तीच कोयऱ्यांची पट्टी, दातांनी थोडी विसकटलेली. बस्स.

"भाऊ, गळ कुठाय?"

"काढला."

"मग मासा लागणार कसा?"

"लागायला कशाला हवा? येतात, बघतात, जातात. समाचाराला येतात ते."

आणि खरं सांगू, त्याच क्षणी मला माझा वेग सापडला. त्या दिवशी भाऊंनी एकदाही टोकलं नाही.

या पावसाळ्यानंतर भाऊ दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगी आली. रडली नाही. तेराव्यानंतर तिने कपाट उघडलं. उरलेल्या पाचही साड्या अखंड होत्या. मी तिला सांगितलं, तू गेलीस त्या दिवसापासून त्यांनी कात्री हातात धरली नाही. त्या एकाच पट्टीवर दीड वर्ष काढलं, तीही गळ काढून, अडकून जाऊ नये म्हणून.

तिने साड्यांशेजारची ती पट्टी उचलून घेतली. मग म्हणाली, "काका, बाबा कुठे जायचे? मला न्या."

सकाळची भरती होती. मी वल्हं घेतलं, तिने तंगूस. पट्टी आता इतकी विरली होती की पाण्यात तिच्यातून उजेड दिसत होता. पोरीचे डोळे कोरडे, तोंड घट्ट मिटलेलं. पुलाच्या अलीकडे कालवं धरलेला कातळ आहे. तिथे तंगूस एकाएकी ताणला. दगड होता की मासा, देव जाणे. दणका बसला की जोर लावायची जुनी सवय, मी खुशीत येऊन वल्ह्यावर जोर दिला. आणि ती दोन्ही हातांनी दोरी कवटाळून ओरडली,

"काका, थांबा! आई तुटेल!"