मोळीबाहेरचा चहा

माळव्यातल्या देवासच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीतलं व्याख्यान म्हणजे खिरापतीआधी सोसायचा एक तास. यंदा तो सोसायला लावायची पाळी माझी होती. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर; विषय घेतला इटलीतला फॅसिझम. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे जरा जास्तच बोललो असेन.

पहिल्या महायुद्धावरून परतलेले बेकार सैनिक, कारखान्यांतले संप, धास्तावलेले जमीनदार, सगळं सांगितलं. काळे सदरे घातलेल्या टोळ्या कामगारांच्या कचेऱ्या कशा जाळत आणि एकेकाळचा समाजवादी संपादक त्यांच्या जोरावर सत्तेवर कसा बसला, तेही. ‘फॅसिझम’ या त्यांच्या नावातच मोळी होती, कुऱ्हाडीसकट बांधलेल्या काठ्यांची. राज्याबाहेर माणसाला किंमत नाही आणि वेगळं मत म्हणजे फितुरी, हा त्यांचा विचार.

मग माझा मित्र आभार मानायला उठला. शाळेपासूनचा, रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येणारा तो एकटाच. म्हणाला, “मोळीसारखे एक राहिलो तर समाज टिकेल, हे सरांनी छान पटवून दिलं.” टाळ्या पडल्या. मला राहवेना. माईक घेऊन म्हटलं, “मी नेमकं याच्या उलट सांगितलंय.”

आभार मानणाऱ्याची चूक आमच्यात कोणी काढत नाही. तो चहाला यायचा बंद झाला. संध्याकाळी फाटक वाजलं की मी उगाच उठायचो. फार वाईट गेले ते दिवस.

दिवाळीनंतर तो आला. मी आनंदानं दोन कप चहा टाकला. तो म्हणाला, “अरे भिया, मंडळात एकदा बोलून टाक ना, गलती झाली म्हणून. बात खतम. सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. लोक त्या मोळीत का शिरले, हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो: बेकारी, भीती, दुखावलेला अभिमान. संध्याकाळचा चहा एकट्यानं प्यायची धास्ती मात्र मी कधी सांगितली नव्हती.

“चहा घेऊन जा,” मी म्हटलं. “पण चूक नव्हती रे माझी.”

तो उठला. गल्लीच्या टोकापर्यंत मी त्याला पाहत राहिलो. मग आत येऊन त्याच्या भरलेल्या कपावर बशी झाकली.