कडी नसलेलं घर

मावशींच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. न्हाणीघरालासुद्धा! आत गेलं की तांब्यानं बादली वाजवत राहायचं. मावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या आम्हा पोरींना लाजेनं मेल्यासारखं व्हायचं, पण त्या ऐकतील तर शपथ. "भूकंपात माझी जाऊ कडी काढता काढताच गेली. आता माझ्या घरात कडी न्हाई," एवढंच म्हणायच्या.

अशा बाईच्या हातात आमच्या अण्णांनी कुलूप दिलं. माझं मेडिकल एकदा हुकलं होतं. मला खरं तर मराठीची शिक्षिका व्हायचं होतं, पण वडिलांपुढे तोंड उघडायची छाती नव्हती. "दोन ते सहा हिला बाहेरून बंद करा," असं सांगून अण्णा अहमदपूरच्या एसटीत बसले. मावशी "हाव" म्हणाल्या. रोज दोनला कुलूप खडखडायचं आणि माझा जीव घुसमटायचा. मावशींचा असा राग यायचा म्हणून सांगू!

खिडकीसमोर परसात फुटक्या परातीत त्या ज्वारी टाकायच्या. चिमण्या, होले, साळुंक्या यायच्या. एका दुपारी भलतंच पाखरू आलं. पिवळं-हिरवं, पाठीवर बारीक काळ्या रेघा, चोच पोपटाची आणि अंग चिमणीएवढं. मी परीक्षेतल्यासारखे पर्याय खोडत बसले. राघू? नाही. सुगरण? छे! पुस्तकातला पक्षी आतड्यांसकट पाठ होता, समोरचा काही ओळखेना.

"मावशी, हे कोणतं हो पाखरू?"

त्या तिथेच शेंगा फोडत होत्या. "भाईर येऊन बघ की."

"कुलूप लावलंय ना तुम्हीच!"

"ढकलून तर बघ."

ढकललं. दार उघडलं. कुलूप कोयंड्यात नुसतं लोंबत होतं, कडी लावलेलीच नव्हती. चार महिन्यांत एकदाही नाही. आणि चार महिन्यांत मी एकदाही दार ढकललं नव्हतं. मला रडूच कोसळलं.

मावशींचं लक्ष पाखराकडे. "पिंजऱ्यातलं हाय. रानातलं असतं तर तुला बघून भुर्रकन गेलं असतं. हे बसून राहिलंय, कुणी येऊन दार लावील म्हणून."

पुढच्या रविवारी मी अण्णांना सांगून टाकलं, मला डॉक्टर नाही, मराठीची शिक्षिका व्हायचंय. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. लातूर सोडताना मी मावशींच्या पाया पडले, तेव्हा त्यांनी ते कुलूप माझ्याच पिशवीत टाकलं.

आता मावशी नाहीत. फार आठवण येते त्यांची. मी नांदेडला मराठी शिकवते. नव्या घराच्या न्हाणीघराला कडी नाही म्हणून पाहुणे कुरकुरतात. मी म्हणते, बादली वाजवा.